मागच्या शटरचं कुलूप

"माल आत, चावी शेठकडं, आपन मोकले!" मागच्या शटरला कुलूप ठोकून आमचा वॉचमन मामा असं म्हणायचा आणि हात झटकत समोरच्या माझ्या वजनकाट्यावर चहाला यायचा. असा एक मामा तुम्हीही पाहिला असेल. आमच्या वडपे गावच्या गोदामांतली ही जुनी रीत. आत हमाल कामाला लागले की मागचं शटर बाहेरून बंद, म्हणजे माल मागच्या मागं पसार होत नाही. शेठ मामाच्याच भावकीतला, जमिनीच्या जोरावर मोठा झालेला.

पुढं शेठला साक्षात्कार झाला, की खोक्यांपेक्षा माणसं कोंबणं बरं. गोदामाचा नाइटक्लब झाला. छताला फोम, त्याखाली चमचमतं कापड. आगीचा दाखला होताच. आमच्याकडं दाखले इमारतीच्या आधी तयार असतात. वॉचमन मात्र तोच.

"मामा, आता आत कसला माल?"

"गिऱ्हाईक! बिल बुडवून मागून पलतात ना. शेठ बोलला, रीत चालू ठेव."

मग कुणाच्या तरी वाढदिवसाला टेबलावर फुलबाजा पेटला आणि ठिणगी छताला गेली. पुढच्या दारात चेंगराचेंगरी, मागं कुलूप. मामा चावीसाठी शेठला फोन लावत राहिला, शेठ उचलेना. शेवटी त्यानं तापलेला पत्रा नुसत्या हातांनी ओढला. आतून पोरी "काका, काका" म्हणत होत्या. मग त्या थांबल्या. हे त्यानं मला एकदाच सांगितलं आणि बँडेजमधले हात तोंडावर धरून हमसून रडला. मलाही आवरलं नाही.

तपास मात्र झकास झाला हो! कुलूप कुणी लावलं? मामानं. हात भाजलेत, म्हणजे होता तिथंच. झाला आरोपी नंबर एक! चावी कुणाकडं होती, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. दाखला देणाऱ्या साहेबांची बदली झाली, तीही घराजवळ. अटक होताच शेठच्या छातीत कळ आली आणि जामीन होताच थांबली. मामाला जामीन राहायला भावकीतलं काळं कुत्रंही फिरकेना. मी राहिलो.

"माझी पाली येऊ दे," मामा म्हणायचा, "जजसाहेबाला समदा सांगतो." दर तारखेला धुतलेला सदरा घालून यायचा. कधी शेठचे वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. त्याची पाळी काही आली नाही. धूर खाल्लेली छाती आधीच थकली.

शेठ मयताला भला मोठा हार घेऊन आला. केवढी ती माणुसकी!

पुढच्या तारखेला पट्टेवाल्यानं मामाचं नाव पुकारलं. शेठच्या वकिलांनी आदबीनं सांगितलं, की आरोपी वारला. कुलूप लावायची त्याची स्वतःचीच खोड होती, आमच्या अशिलाला यातलं काही ठाऊक नाही.

मागच्या बाकावरून मामाची बायको, आमची मामी, उठली.

"सायेब, त्यो न्हाय, पन मी हाय. त्या सांजला चावी शेठच्या हातात मीच नेऊन दिली. मना कोनी इचारलाच न्हाय."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. वकील ओरडले, पट्टेवाला धावला. मामी बसली नाही.