वेळ आली नव्हती, पॅड संपले होते

"अक्का गयी वं... ब्रेकच नही लागना." पारोळ्याच्या दवाखान्यातून संगीतावहिनींचा फोन होता. साक्रीतल्या घरी मी कपडे वाळत घालत होते, ओला टॉवेल हातातच राहिला. शालूअक्काच्या भावाची ही बायको. अक्का गेली हे कळायलाच मला वेळ लागला, पण वहिनींचं ते दुसरं वाक्य तेव्हाच डोक्यात जाऊन बसलं. आता महिना होऊन गेला. रडू येतं, पण त्याहून जास्त संताप येतो.

शालूअक्कानं आणि मी साक्री तालुक्यातल्या एकाच आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. डोंगरातल्या त्या गावांत बदली घेऊन यायला कोणी तयार नसायचं, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तिथंच राहिलो आणि निवृत्त झाल्यावर शेजारी-शेजारी घरं बांधली. अक्कानं लग्न केलं नाही. चारचाकी मात्र नोकरीत असतानाच घेतली, तीही जुनी. रुग्णवाहिकेची वाट बघत बायका ओट्यावर बाळंत होताना तिनं पाहिल्या होत्या. त्या गाडीला लोक हसायचे आणि अडीनडीला तीच मागायला यायचे.

एकदा एका गरोदर बाईला घेऊन आम्ही घाट उतरत होतो. मी मागे तिच्याजवळ बसले होते. अचानक जळका वास आला. अक्कानं ब्रेक दाबून धरला होता, पेडल पायाखाली घट्ट होतं, पण गाडी थांबायचं नाव घेत नव्हती. एकेक गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत तिनं उतार संपेपर्यंत गाडी आवरली आणि सपाटीवर उभी केली. बाईला पाणी दिलं, चाकं गार होईपर्यंत तिचे पाय चेपले. बाई सुखरूप बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन धुळ्याला, ज्या दुकानातून ते तापून निकामी झालेले ब्रेकचे पॅड आणले होते तिथं गेली. दुकानदार तिच्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, गाडी चालवणाऱ्याला पाठवा. त्याला समजावतो."

"समजाव मग. मीच चालवते."

रागावली की अक्का अहिराणीत शिरायची. त्या दिवशी तिनं त्याला डब्यामागून डबा उघडायला लावला. आधी कधीतरी बदलून ठेवलेला जुना पॅड पिशवीतून काढून नव्यावर ठेवून बघितला, आकार जुळतो का, भोकं जुळतात का. पॅडच्या लोखंडी पट्टीवरचा, घासून चाक थांबवणारा काळा थर कडेनं नखानं खरवडून पाहिला. एकाला बारीक तडा होता. "हाई नको. दुसरा दखाड." तिच्या गाडीच्या मॉडेलचा, शिक्का असलेला, बंद खोक्यातला जोड निघाला तेव्हाच ती उठली. गॅरेजवाल्यानं एकाच चाकाचे पॅड बदलून दोन्हीचे बदलले असं आधी एकदा सांगितलं होतं, त्यामुळे ती गॅरेजला गेली नाही. अंगणात गाडी लावली, मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला. चाक काढून, खालचा बोल्ट सैल करून, पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा कॅलिपर वर उचलला. झिजलेले पॅड काढले, कॅलिपरमधला पिस्टन हळूहळू आत दाबला. नव्या पॅडला तेलाचा हात लागू नये म्हणून इंजेक्शनच्या वेळी धुवायची तसे हात धुऊन आली. दोन्ही चाकं झाल्यावर मला म्हणाली, "बस, पेडल दाब." मी दाबलं, ते पार खाली गेलं आणि मी घाबरले. "दाबत राह्य." चार-पाच वेळा दाबल्यावर ते पायाखाली ताठ उभं राहिलं. मग गल्लीत हळू चालवून, पुन्हा पुन्हा थांबवून बघितल्यावरच तिनं गाडी रस्त्यावर काढली.

अशी ही बाई. आणि ती गेली भाच्याच्या गाडीत!

पाचोऱ्याला लग्न होतं. निखिल, वहिनींचा मुलगा, नव्या मॉडेलची गाडी घेऊन न्यायला आला. जाताना चाकातून कर्र कर्र आवाज येत होता. वहिनी मागे बसल्या होत्या, त्यांनीच मला सगळं सांगितलं. अक्का म्हणाली, "निखिल, हा लोखंडाला लोखंड घासल्याचा आवाज आहे. पॅड संपलेत. पाचोऱ्यात गॅरेजला दाखव." तो हसला. "आत्या, ही तुझ्या खटाऱ्यासारखी नाही गं." आणि त्यानं गाण्यांचा आवाज वाढवला. परतताना तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं आवाज पुन्हा वाढवला... पारोळ्याच्या अलीकडे कापसाची ट्रॉली वळत होती. ती त्याला लांबूनच दिसली होती.

धुळ्याला वहिनींच्या घरी अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील झालं आणि माणसं बोलायला उठली. मायाळू होती, सेवाभावी होती. शेवटी एक नातेवाईक म्हणाले, "काय करणार, वेळ आली होती." माझं डोकंच फिरलं. जिनं आयुष्यभर बायकांना 'नशीब म्हणू नका, तपासायला या' असं सांगितलं, तिच्याच फोटोसमोर हे? मी उठले. "वेळ आली नव्हती. पॅड संपले होते. तिनं दोनदा सांगितलं होतं. बाई सांगत होती, म्हणून ऐकलं नाही." प्लास्टरमधला हात धरून निखिल पहिल्याच रांगेत बसला होता. वहिनी माझ्याशी अजून बोलत नाहीत. न बोलोत.

मागच्या आठवड्यात निखिल साक्रीला आला. प्लास्टर निघालं होतं. अक्काची गाडी धुळ्याला न्यायची होती. किल्ली माझ्याकडे होती, अडवायचा हक्क नव्हता, म्हणून मी ती दिली. त्यानं गाडीचा दरवाजा उघडला. अक्का ठेंगणी, सीट पार पुढे ओढलेली आणि वर चौघडी केलेली गोधडी. गोधडीत तिच्या बसण्याचा खळगा तसाच होता. तो गोधडी उचलायला वाकला, आणि हात तिच्यावर ठेवून तसाच उभा राहिला. मग दरवाजा आवाज न करता लावून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली.

"मावशी, मी एसटीनं जातो."

साक्रीच्या उन्हात तो स्टँडकडे चालत गेला. मी त्याला चहाचंही विचारलं नाही.