फेरीबोटीवरून पकडलेला चोर

हसणार नसाल तर सांगतो. बघा, अजून सुरुवातसुद्धा केली नाही आणि तुम्ही हसायला लागलात! बरं, हसा. सगळं गाव हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिला होता.

तर आमच्या घरी चोरांसाठी अलार्म बसवलाय. बसवला लेकीने, रूपालीने. ती नवी मुंबईत नोकरीला. इकडे चौलात आमचं घर अगदी सुपारीच्या वाडीला लागून. मी निवृत्त मास्तर, बायको सुनंदा आणि मी दोघंच. कुठे लग्नकार्याला गेलो की घराला कुलूप. लेकीच्या जिवाला घोर! एका रविवारी आली आणि पुढच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी डबी चिकटवून दिली. तिच्या शेजारी भोंगा.

"बाबा, घरात कुणी हललं की ही डबी फोटो काढेल. फोटो तुमच्या मोबाईलवर येईल. तो नीट बघायचा. चोर वाटला तरच हे लाल बटण दाबायचं, मग भोंगा वाजेल."

"आपोआप का नाही वाजत?"

"मांजर आलं तरी वाजेल ना! तेवढं माणसाने ठरवायचं."

पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस मी. मांजर आणि चोर यांतला फरक मला कळणार नाही?

आमच्या शेजारी कमलवहिनी राहतात. साठीच्या आहेत. नवरा गेल्यापासून सुपारीची वाडी एकट्या सांभाळतात. आमच्या घराची एक चावी कायम त्यांच्याकडे. त्यांनी डबीकडे खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही काय करनार? मी हाय ना बाजूला."

झालं! मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. जमाना कसा बदललाय, शेजारी कितीही चांगला असला तरी त्याला झोप लागते, यंत्राला झोप नसते वगैरे वगैरे. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाय टाकू?"

पुढच्याच महिन्यात दिघीकडच्या एका गावात माझ्या साडूच्या मुलीचं लग्न निघालं. बुद्धविहारात, दुपारी साडेबाराचं. आम्ही सकाळी सातला घर सोडलं. डबी चालू केली, पुढच्या दाराला कुलूप लावलं. एसटीच्या थांब्यावर पोचतोय तोच सुनंदाने कपाळावर हात मारला. अहेराची पिशवी पलंगावरच राहिली! मी धावत मागे गेलो, मागच्या दाराची कडी राहिलीच होती, तिथूनच आत शिरलो, पिशवी उचलली आणि धावत परत. एसटी अगदी समोर उभी. चढलो एकदाचे.

आगरदांड्याला दिघीच्या फेरीबोटीत बसलो तेव्हा दहा वाजत आले होते. छान वारा होता, सुनंदाचा गजरा ताजा होता. ती म्हणाली, "आपला एक फोटो रूपालीला पाठवा की." आता, मोबाईलचं नेट मी एरवी बंदच ठेवतो. उगाच चार्जिंग जातं. फोटो पाठवायला म्हणून चालू केलं आणि फोन बोंबलायला लागला. टुंग! टुंग! टुंग!

'घरात हालचाल.'

खाली फोटो. आमची पुढची खोली, आणि खोलीत माणूस! डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला. नुसते डोळे दिसतायत. पलंगावर वाकलेला!

तुम्ही काय केलं असतं? मी लाल बटण दाबलं. दोनदा दाबलं! आणि उभा राहून ओरडलो, "चोर!"

सगळी बोट वळली. इकडे चोर, म्हणजे खाडीच्या मध्यावर? मी फोटो दाखवला. लोक माझ्याभोवती जमले. एक आजोबा म्हणाले, "डोळेच बघा ना, सराईत वाटतो." दुसरा म्हणाला, "पोट बघा केवढं! खाऊन खाऊन माजलाय."

एवढ्यात वहिनींचा फोन. मागे भोंग्याचा असा आवाज की मोबाईल कानापासून हातभर लांब धरावा लागला.

"गुरुजी! तुमच्या घरात काय कोकलतंय?"

"वहिनी, घरात चोर आहे! माणसं गोळा करा!"

"गोळा झालीयत. पंधरा-वीस हायेत. दिसतो कसा त्यो?"

मी फोटो मोठा केला. वर्णन करण्यात आपण कुठे कमी पडतोय? "बुटका आहे! पोट सुटलंय! पाय फेंगडे! एकूण दिसायलाच भामटा आहे!"

वहिनी एकेक शब्द जमलेल्या लोकांना मोठ्याने सांगत होत्या. सुनंदा माझ्या खांद्यावरून फोटो बघत होती. म्हणाली, "अहो, याने तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घातलाय."

माझं डोकंच फिरलं! "वहिनी, हरामखोराने कपाट उघडलंय! माझा शर्ट काढून अंगात घातलाय!"

"अगं बाय! मंग थांबा, मी जाते आत."

"एकट्या जाऊ नका! त्याच्याकडे काही हत्यार असलं तर?"

"माझ्याकडं कोयता हाय," वहिनी म्हणाल्या. मग फोन तसाच चालू ठेवून त्यांनी कमरेला खोचला असावा, कारण पुढे नुसता भोंगा, पावलं आणि कुलपाचा खडखडाट ऐकू यायला लागला.

आणि एकदम सगळा आवाज बंद. भोंगासुद्धा बंद.

"वहिनी? वहिनी!" मी फोनमध्ये ओरडत राहिलो. घरातलं सगळं गेलं असतं तरी चाललं असतं हो. पण साठीची बाई माझ्या एका शब्दावर चोरासमोर गेली होती आणि मी इकडे बोटीत वारा खात उभा! सुनंदाने माझा दंड घट्ट धरला.

"गुरुजी." वहिनींचा आवाज! माझा जीव भांड्यात पडला. "तुमचा भोंगा भिंतीवरनं काढून तांदळाच्या डब्यात घातला. कान किटले. घरात कोन न्हाय."

"पळाला वाटतं!"

"कपाट बंद हाय. कुलूप शाबूत हाय. मागचं दार तेवढं नुसतं लोटलेलं." मग म्हणाल्या, "सकाळी मी सुनंदावहिनींना गजरा द्यायला आले, तवा पलंगावर एक पिशवी व्हती. ती न्हाय."

"अहेराची पिशवी! बघा, नेलीन ना चोराने!"

सुनंदाने मांडीवरची पिशवी उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली.

मी पिशवीकडे बघितलं. मग फोटोकडे. फोटोखाली वेळ होती, सकाळी सात वाजून बारा मिनिटं. मग मी हळूच मान खाली घालून स्वतःच्या अंगावर बघितलं. निळ्या चौकड्या. आमच्या रस्त्याचं काम चाललंय, धुरळा उडतो, म्हणून सकाळी मीच तोंडाला रुमाल गुंडाळून धावलो होतो.

भोवतालची माणसंही फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायला लागली. ते आजोबा तर हळूच आपली पिशवी माझ्यापासून लांब सरकवून बसले.

"गुरुजी," वहिनींनी आवाज अगदी खाली आणला. "पिशवी तुमच्यापाशीच हाय ना?"

"...हो."

"बरं."

एवढंच. ना हसल्या, ना काही विचारलं. आणि दुसऱ्या क्षणाला गावाला ऐकू जाईल अशी त्यांची आरोळी कानावर आली, "माकड व्हतं रे! मागच्या दारानं पळालं! जावा आता घरी!"

कोयता घेऊन माझ्यासाठी घरात शिरलेली ही बाई, जाता जाता माझी अब्रूही वाचवून गेली. लग्नात सगळे नवरीकडे बघत होते, मी मात्र कमलवहिनींचाच विचार करत होतो.

संध्याकाळी घरी आलो तर घर लखलखीत. मागच्या दाराला कडी लावलेली, भोंगा तांदूळ झटकून टेबलावर ठेवलेला. रूपालीला फोन करून सगळं कबूल केलं. ती हसून हसून मेली. म्हणाली, "बाबा, पण अलार्मने त्याचं काम चोख केलं की नाही?" केलं बाई! परवानगी न घेता घरात शिरलेल्या माणसाचा स्वच्छ फोटो काढला. आता लोक विचारतात, असले अलार्म घ्यावेत का? मी म्हणतो, जरूर घ्या. फक्त फोटो शेजारणीच्या मोबाईलवर जाऊ दे. आमचा हल्ली तिकडेच जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला घरामागच्या, एसटी थांब्याच्या नाक्यावर गेलो. रमाकांतच्या चहाच्या टपरीवर चारपाच जण होते. "गुरुजी, माकड घुसलं म्हणे घरात?" मी म्हटलं, वहिनींचा शब्द राखला पाहिजे. बसलो बाकावर आणि रंगवून सांगितलं! केवढं धूड होतं, दात कसे विचकत होतं, शेपूट किती लांब!

रमाकांत गाळणीतून चहा ओतत होता. ओतता ओतता म्हणाला, "व्हय, मी पन बघितलं ना त्याला. सव्वासातला तुमच्या मागच्या दारानं बाहेर आलं. तोंडाला रुमाल, हातात पिशवी. हितनं माझ्यासमोरनं पळत गेलं, आन एसटीत चढून बायकोशेजारी जाऊन बसलं."