पलीकडच्या काठाचे आकडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? खरंच माहीत नाही.

मी समुद्राचा अभ्यासक. गाव लोह्याकडचं, शिक्षण लातूरला. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमच्याकडे पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. माझी पाळी आली तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडलेला, विहिरीत नुसता खडक होता. पुढं कोकणातल्या एका खाडीवर नोकरी निघाली. अर्जात विचारलं होतं — पोहता येतं का? मी 'होय' लिहिलं. वडिलांनी अर्ज वाचला. म्हणाले, "पवायला कवा शिकलास रं?" मी म्हणालो, "शिकलो की." ते खूश झाले.

काम साधं होतं. दर महिन्याला खाडीच्या दोन्ही काठांना लोखंडी चौकट टाकायची, तिच्यात सापडतील त्या शिंपल्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. अलीकडचा काठ ओहोटीला उघडा पडायचा. पलीकडे जायला मात्र छातीभर पाण्यात उतरावं लागे. मी उतरलो का? नाही — एकदाही नाही. अलीकडचेच आकडे थोडे कमीजास्त करून पलीकडचे म्हणून लिहीत राहिलो. तीन वर्षं.

पार्वतीकाकू पलीकडच्या काठावर शिंपल्या काढून बाजारात विकायच्या. खाडीतली रेती उपसणाऱ्या होड्या आल्या आणि शिंपल्या संपत चालल्या. काकूंनी तक्रार केली, कचेरीत बैठक बसली. त्या अगदी निर्धास्त होत्या. साहेबांना म्हणाल्या, "माझा ऐकू नका. ह्या सायबांची वही बघा, ते सोता उतरून मोजतत."

वही उघडली. पलीकडे शिंपल्या भरपूर होत्या — माझ्या अक्षरात. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असेल. एक वाक्य पुरलं असतं. मी समोरच्या ग्लासातल्या पाण्याकडे बघत बसलो.

तक्रार निकालात निघाली, होड्या चालूच राहिल्या. वर्षभरानं कळलं, काकू मुंबईला धुणीभांडी करायला गेल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही. आत्ता लिहितानाही आत काही हलत नाही — हेही कबूल करतो.

रिटायर होऊन लातूरला परत आलोय. समुद्र कसा जपावा यावर बोलायला शाळा बोलावतात, मी जातो. परवा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, सर, तुम्हाला पोहता येतं?

मी 'हो' म्हणालो.