विहिरीतला पिवळा खडा

आज सूनबाईनं समईसाठी काडी ओढली आणि गंधकाच्या वासानं मला लहानपणचा एक दिवस आठवला. स्वातंत्र्यानंतरची गोष्ट बघा, माणगावकडची. आमची विहीर खणत होते. माझे वडील, आबा, तळाशी काळ्या कातळात सुरुंगाची दारू ठासत होते. तिथंच त्यांना पिवळे चौकोनी खडे चमकताना दिसले.

"सोनं हाय गं!" म्हणत त्यांनी हातोडा हाणला. ठिणग्या उडाल्या, हाच वास वर आला.

"अवो, ठोकू नका! दारू भरलीय न्हवं!" आई काठावरून किंचाळली. मी डोळे गच्च मिटून तिच्या लुगड्यात तोंड खुपसलं.

आता कळतं, तो लोखंड-गंधकाचा खडा. सोनं ठोकलं तर चेपतं, ठिणगी देत नाही.

नशीब, ठिणगी दारूवर पडली नाही. आबा खडा मिरवत वर आले. आईनं आधी हातोडा हिसकावला. खड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.