वैजूच्या जाम्याचे बंद

वैजूनं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मुघल दरबारातल्या मराठा सरदाराचा जामा, तोही रेशमी-सुती हिमरूचा! अंगाला चापून बसलेला, खाली हा एवढा घेर. शिवण आम्ही दोघी एकाच क्लासात शिकलो. तसलाच जामा मीही शिवला होता, त्याचा फोटोही टाकला होता, आणि नाशिकच्या प्रदर्शनात दोघींपैकी एकीचाच लागणार होता. फोटो मोठा करकरून पाहिला. सापडलं! बंद उजव्या बगलेत. अहो, त्या दरबारात हिंदू सरदार डावीकडे बांधायचे, मुसलमान उजवीकडे. म्हटलं, हे तिच्या तोंडावरच सांगायचं.

वैजू राहते संभाजीनगरला, गारखेड्यात. सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे चैन. वाटेत येवल्याला पैठण्या बघायला उतरू नका, अख्खा दिवस जातो. संभाजीनगरच्या स्टँडवरून गारखेड्याला रिक्षा मिळते; भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

"आलीस व्हय गं! आधी जेवून घे," वैजू म्हणाली. छावणीतून मटणाचा नान खलिया मागवला होता. तिखट, तर्रीदार, बोटं चाटत राहावं असा. तिनं रांधला नव्हता, एवढंच समाधान.

मग तिनं जामा पुढ्यात ठेवला. बंद डावीकडे होते.

"फोटोत तर उजवीकडे दिसले!"

"आरशासमोर उभी राहून काढला ना मी. उलटंच दिसणार."

मी जामा उलटासुलटा करून पाहिला. बगलेत एक चुणी शोधून सापडेना. असा जळफळाट झाला म्हणता!

नंतर हिमरू घ्यायला गेलो. तुम्ही गेलात तर हातमागाचं की यंत्राचं, आधी विचारा. दुकानदार वैजूला "आओ बाजी, चाय पियो" म्हणाला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. मला नुसतं, "क्या दिखाऊं?"

स्टँडवर निरोप घेताना ती म्हणाली, "तुझ्या जाम्याचा फोटो पाहिला, लई सुंदर झालाय. बंद उजवीकडं दिसले, तशी मी दचकलेच. मग म्हटलं, ही असं कसं करील? आरशातलाच फोटो असंल. व्हय ना?"

"हो ना," मी म्हणाले.

माझा फोटो शेजारणीनं समोरून काढला होता.

घरी येऊन चप्पल न काढताच कपाट उघडलं. बंद उजवीकडेच. जुनं चित्र शेजारी धरून, आरशात बघत, मी स्वतःच्या अंगावर खडूनं खुणा केल्या होत्या ना! नुसते बंद उसवून भागणार नाही, छातीची पुढची बाजूच उलटी कापली गेलीय.

प्रदर्शनवाल्यांना फोन केला, तिचाच लावा म्हटलं. तिचा हात माझ्याहून चांगला, हे एक वेळ सोसलं असतं. पण माझा फोटो बघून तिला आरसा सुचला, आणि तिचा बघून मला नाही. मेली स्वभावानंही सरस निघाली!