तालबाईंचा वर गेलेला हात

संगीत शिकवणाऱ्या तालबाई वर्गात कधी ओरडत नाहीत. नव्या शिक्षकांना याचं भारी कौतुक वाटतं. केवढा हा संयम, वगैरे. संयमबिंयम काही नाही. आपल्या वाट्याचं सगळं ओरडणं त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी उरकून टाकलं होतं.

त्या वर्षी दुसरीच्या पोरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. एकाच्या हातात ढोल, दुसऱ्याच्या झांजा, कोणी खुळखुळ्याने शेजाऱ्याचं डोकं वाजवतंय, आणि मधोमध बाई "गप्प बसा रे!" म्हणून कोकलतायत. सहामाही येईतो घसा असा बसला की डॉक्टरांनी बजावलं, "महिनाभर ओरडणं बंद, बोलणंही बंद. नाहीतर गाण्यावर पाणी सोडा." गाण्यावर जीव असलेली बाई ती. घरी येऊन ढसाढसा रडली.

"रजा टाक," नवरा म्हणाला.

"रजा कशाला?" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुझे सासरे माझं बोलणं कधी ऐकतात का? पण मी नुसता हात वर केला की तोंडातला शब्द तोंडात राहतो त्यांच्या."

दुसऱ्या दिवशी तालबाई हात वर करून वर्गात उभ्या राहिल्या. कोणी ढुंकून पाहिलं नाही. हात भरून आला तरी त्या हलल्या नाहीत. शेवटी एका मुलीचं लक्ष गेलं आणि तिने काठ्या मुकाट्याने मांडीवर ठेवल्या. बाईंनी उचलून मोठा ढोल तिच्यापुढे ठेवला. मग काय, सगळा वर्ग सुतासारखा सरळ.

पुढे त्यातूनच रीत पडली. हात वर गेला की वाद्य मांडीवर आणि तोंड बंद. हात खाली आला की सुरू. कोणी रीत मोडली तर वाद्य एका गाण्यापुरतं चटईवर जातं आणि पुढच्या गाण्याला, "आता जमवून दाखव बघू," म्हणत परत मिळतं. रागावणं नाही. कोणी नीट थांबलं तर बाई नुसतं शाब्बास म्हणत नाहीत. जवळ जाऊन सांगतात, "तू थांबलीस ना, ते मला ऐकू आलं." रोज वेगळं मूल पुढे येऊन हात वर करतं. वर्गात ज्याचा हात वर, त्याचं राज्य. मग बाईंनाही बोलायची सोय नाही.

यंदा मात्र या राज्यावर गदा आली. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी तक्रार केली की भिंतीपलीकडच्या धुमाकुळात पाढे ऐकू येत नाहीत. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तालबाईंना बोलावून घेतलं. "पुढच्या सत्रापासून तुमचा तास गणिताला देईन म्हणते. तरी एकदा येऊन बघते."

"त्या दिवशी ढोल कपाटात ठेवा हो," चित्रकलेच्या बाईंनी सुचवलं. "एखादं हळुवार गाणं घ्या."

"ढोलच नसेल तर थांबायला शिकवलंय, ते दिसणार कसं?" तालबाई म्हणाल्या. बाहेरून अशा ठाम, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. तास गेला तर या पोरांच्या हाती परत ढोल कोण देणार होतं?

मोठ्या बाई आल्या तेव्हा पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. मोठ्या ढोलावर होती धडधडी. हे नाव तिला वर्गानेच दिलेलं, कारण तिचा पाय जागेवर ठरत नसे. दार उघडताच आवाजाचा लोंढा अंगावर आला, आणि "पुरे!" म्हणण्यासाठी मोठ्या बाईंनी हात वर केला.

शब्द फुटायच्या आत सगळं थांबलं. झांजा मांडीवर, काठ्या मांडीवर, तोंडं बंद. मोठ्या बाई हात तसाच धरून बघत राहिल्या. त्या शांततेत भिंतीपलीकडून गणिताच्या सरांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "गप्प बसा म्हणतोय ना! कितीदा ओरडायचं मी?"

कोणी हसलं नाही. मोठ्या बाईंनी प्रश्नार्थक नजरेने तालबाईंकडे पाहिलं. तालबाईही हात मांडीवर ठेवून गप्प.

"अहो, बोला ना!"

शेवटी धडधडीलाच राहवलं नाही. रीत मोडली म्हणून तिने आपल्या काठ्या स्वतःच चटईवर ठेवल्या आणि म्हणाली, "मोठ्या बाई, त्या कशा बोलतील? तुमचा हात वर आहे."

मोठ्या बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग तो खाली न करताच त्या म्हणाल्या, "संगीताचा तास राहील. आणि उद्या गणिताच्या सरांना इथे बसायला पाठवते." चटईवरच्या काठ्या दुसऱ्या हाताने उचलून त्यांनी धडधडीच्या हातात दिल्या, आणि मग वरचा हात खाली केला.

ढोल असा कडाडला की खिडक्या थरथरल्या. तालबाईंचे डोळे भरून आले होते, पण आता त्यांना गायचं होतं.