चिंचेने घासलेलं फायर बटण

"काका, दाबताय ना नीट?"

"अंगठा सुजला, पोरी!"

पडद्यावरचं विमान मात्र एकही गोळी झाडत नव्हतं.

गिरगावातले वसंतकाका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचा जुना कॉम्प्युटर आणि त्याचे दोन जॉयस्टिक दुरुस्त करायला मी लालबागहून गेले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीला, सुमनताईंना, कॉम्प्युटरचं टेबल शिवणयंत्रासाठी हवं होतं. दोघांत पैज लागलेली: संध्याकाळच्या तीन गेममध्ये काका हरले, तर कॉम्प्युटर भंगारात.

दुरुस्त होणारी वस्तू फेकणं हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे. मी बाह्या सरसावल्या.

आधी दोन्ही जॉयस्टिकच्या जागा बदलल्या. बिघाड काकांच्या जॉयस्टिकबरोबर गेला. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. मग मल्टिमीटर लावला. तारा जुळल्या की तो बीप करतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे बीप. फायर दाबलं की शांतता.

जॉयस्टिक उघडला. या बटणाखाली पितळेच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्या टेकल्या की गोळी सुटते. इथे त्या हिरव्या पडून झिजल्या होत्या. वर तपकिरी चिकटा.

"काय लावलंत याला?"

"चिंच. देवाची भांडी कशी लखलखतात!"

"भांडी धुता तरी नंतर. हे धुतलंत?"

"इलेक्ट्रॉनिक वस्तू कोणी धुतं का?" काका माझ्यावरच डाफरले.

तशा पट्ट्या आता मिळत नाहीत. मी मायक्रोस्विच बसवला. हलकं दाबलं तरी टक् करून लागणारं छोटं बटण. मग सुमनताईंचा जॉयस्टिक उघडायला घेतला.

"तिचा कशाला? चालतोय की!"

"तुमचं बटण नवं, त्यांचं जड. असा सामना मी होऊ देणार नाही."

"अगं, तू माझ्या बाजूची ना?"

"मी कॉम्प्युटरच्या बाजूची."

संध्याकाळी सुमनताईंनी तिन्ही गेम जिंकले. काकांनी जॉयस्टिक माझ्यापुढे धरला. "बघ, पुन्हा बिघडलं."

मीटर लावला. दर वेळी दाबलं की बीप.

काका वायर गुंडाळायला लागले.

"हे काय?" सुमनताई म्हणाल्या.

"भंगारात द्यायचाय ना?"

"वेडा आहेस का, दादा? मग उद्या हरवू कोणाला?"

बटण बदलून देते. अंगठ्याची गॅरंटी देत नाही, हे आता आधीच सांगते.